पैसे गेले की राहिले?

मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे म्हटलं की लोकांना दोनच प्रश्न पडतात. पॅकेज किती आणि ऑनसाइट कधी? 'मी कोड लिहीत नाही' असं सांगितलं की चेहरे पडतात. मग तू करतेस तरी काय? तर मंडळी, मी वाक्यं लिहिते. मोबाइलवर एखादं काम अडलं की चौकटीत जी दीड ओळ येते ना, ती कुणीतरी बसून लिहिलेली असते. बाणेरच्या आमच्या ऑफिसात ती 'कुणीतरी' म्हणजे मी!

हसू नका. या दीड ओळीनं भल्याभल्यांना छळलंय. विंडोज 98 चा जमाना आठवतोय? मन लावून टाइप करत असताना अचानक चौकट यायची, की या प्रोग्रॅमनं 'इल्लीगल ऑपरेशन' केलंय, सबब तो बंद होणार. वाटायचं, आता दारात पोलीस येतात की काय! इंजिनिअरच्या दृष्टीनं त्यात वावगं काही नव्हतं. प्रोसेसरला न चालणारी आज्ञा प्रोग्रॅमनं दिली, एवढाच त्याचा अर्थ. पण समोर बसलेल्याला प्रोसेसरशी काय घेणंदेणं? त्याला एकच टेन्शन, माझी फाइल वाचली की गेली?

मराठीत लिहायचं तर आणखी गंमत. इंग्रजीत 'टू' लावलं की पुढे कुठलंही गाव चालतं. मराठीत सॉफ्टवेअर 'पुणे'ला नुसतं 'ला' चिकटवतं आणि होतं 'पुणेला'. 'प्रिया ग्रुपमध्ये आला' हे तर नेहमीचंच. यावर आमचे तोडगे ठरलेत. 'ठिकाण: पुणे' असं लिहायचं, म्हणजे प्रत्ययाची भानगडच नको. 'प्रिया यांनी ग्रुप जॉइन केला' असं लिहायचं, म्हणजे क्रियापद ग्रुपच्या मागे जातं, प्रिया असो वा प्रशांत. सहा महिन्यांत हात बसतो.

खरा घोळ व्याकरणात नसतोच. तो कुठे असतो, हे मला कराडच्या काकांच्या फोनमुळे कळलं.

काका निवृत्त हेडमास्तर. महिनाअखेर होती, पेन्शन यायला दोन दिवस होते. मेडिकलमध्ये ब्लडप्रेशरच्या गोळ्या घेतल्या, मोबाइलवरून 640 रुपये भरले आणि स्क्रीनवर आलं, 'व्यवहार प्रलंबित आहे. रक्कम वजा झाली असल्यास परत केली जाईल.' दुकानदार म्हणाला, माझ्याकडे आले नाहीत. पुन्हा भरावेत, तर खात्यात दोनदा भरण्याइतकी शिल्लक नाही. काका गोळ्या न घेताच घरी आले आणि मला फोन लावला.

मी सुरू केलं, "काका, प्रलंबित म्हणजे..."

"अगं, प्रलंबित म्हणजे काय ते मला नको सांगू. चाळीस वर्षं मराठी शिकवलंय. माझे पैसे कुठायत ते सांग!"

मला ते सांगता येईना. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द शुद्ध, शुद्धलेखनही अचूक. आणि तरी त्या माणसाला हवी असलेली एकमेव गोष्ट त्यात नव्हती. गोळ्यांचं मी शेजारच्या दादांना फोन करून निभावलं. पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना.

ते अ‍ॅप आमचं नव्हतं. पण आमच्याही अ‍ॅपमध्ये, मी जॉइन होण्याआधीपासून, जवळपास तशीच ओळ होती. दुसऱ्या दिवशी डेव्हलपरच्या डेस्कवर गेले. म्हटलं, ही ओळ नक्की कधी दिसते? त्यानं वहीत दोन चौकोन काढले. पहिल्यात तुमच्या बँकेकडूनच उत्तर आलेलं नाही, म्हणजे पैसे कापले गेले की नाही तेच अजून ठाऊक नाही. दुसऱ्यात पैसे कापले गेलेत, पण घेणाऱ्याच्या बँकेनं पोच दिलेली नाही. दोन वेगळ्या गोष्टी, आणि दोन्हींना एकच वाक्य! ते 'असल्यास' तिथून आलं होतं. त्या एका शब्दानं दोन्ही चौकोन झाकून टाकले होते.

मग मी विचारलं, परत कधी मिळतात? त्याचा नियमच आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2019 मध्ये तो केला. यूपीआयनं दुसऱ्या माणसाला पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत. दुकानात भरले असतील तर 5 दिवसांत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई. म्हणजे उत्तर होतं! फक्त ते स्क्रीनवर नव्हतं.

मी एका ओळीच्या दोन केल्या. पहिल्या चौकोनासाठी, 'तुमच्या बँकेकडून अजून उत्तर आलेलं नाही. उत्तर आलं की इथेच कळवू. तोवर पुन्हा पैसे भरू नका.' दुसऱ्यासाठी, 'तुमच्या खात्यातून 640 रुपये गेले आहेत. दुकानदाराला मिळाल्याचं अजून कळलेलं नाही. मिळाले नाहीत तर 5 दिवसांत आपोआप परत येतील.' मीटिंगमध्ये लीगलवाल्यांना ते '5 दिवस' खटकले. डिझायनर म्हणाला, चौकटीत मावत नाही. मी म्हटलं, चौकट मोठी करा. तीन मीटिंगा झाल्या, बऱ्याच कॉफ्या झाल्या आणि ओळी पास झाल्या!

आता कुणी म्हणेल, यानं काकांच्या खात्यात पैसे थोडेच वाढले असते? नसतेच वाढले. पण अशी ओळ त्यांच्या स्क्रीनवर असती, तर त्यांनी मोबाइल दुकानदारापुढे धरला असता. वीस वर्षांची ओळख, त्यात 5 दिवसांचा वायदा लेखी. गोळ्या उधारीवर मिळाल्या असत्या. 'प्रलंबित'वर कोण उधार देणार?

तेव्हापासून माझा साधा फंडा आहे. शब्द सोपा करायच्या आधी विचारायचं, आपल्याला नक्की काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि ते कधी कळेल? एवढं हातात असलं की वाक्य लिहायला पाच मिनिटं पुरतात. ते नसलं की मग 'प्रक्रिया सुरू आहे' आणि 'काहीतरी चुकलं' असली गुळगुळीत वाक्यं येतात.

आणि हे फक्त सॉफ्टवेअरवाल्यांसाठी नाही हं! क्लायंटला 'काम सुरू आहे' असा मेल टाकताना, घरी 'बघतो, जमलं तर येतो' असा मेसेज करताना आपणही तेच 'असल्यास' वापरत असतो. पलीकडचा माणूस मोबाइल हातात धरून ताटकळत बसतो. त्यापेक्षा सरळ लिहा ना, 'अजून नक्की नाही, सहा वाजता सांगतो.' आणि सहा वाजता खरंच सांगा, म्हणजे झालं!