एक एकर वरकस आणि दोन हात

आयटीतल्या माणसाच्या डोक्यात पस्तिशीच्या सुमारास एक किडा हमखास वळवळायला लागतो. गावाकडे थोडी जमीन असावी, मातीचं घर बांधावं, स्वतःच्या हाताने पिकवून खावं आणि लॅपटॉप विहिरीत फेकून द्यावा... यूट्यूबवर 'होमस्टेडिंग' शोधलं की दाढीवाला गोरा बारा मिनिटांत झाडी साफ करतो, घर उभारतो आणि शेवटी टोपलीभर टोमॅटो दाखवतो. मंडळी, त्या बारा मिनिटांतून जो भाग कापलेला असतो ना, आज त्याबद्दल लिहायचंय.

राजापूर तालुक्यात, डोंगराच्या उतारावर आमची वडिलोपार्जित जमीन आहे. त्यातला एक एकर गेली चार वर्षं आम्ही हाताने उठवतोय. आम्ही म्हणजे काका, वय ७४, कायम तिथेच. आणि मी, महिन्यातून एक-दोन विकांत, पुण्याहून अणुस्कुरा घाट उतरून जाणारा. हाताने उठवतोय यात तत्त्वज्ञान काही नाही. जमिनीपर्यंत गाडीरस्ता नाही. मधे तीन जणांच्या जागा आहेत आणि पायवाटेवरून जेसीबी चालत नाही, एवढंच!

या जमिनीला कोकणात वरकस म्हणतात. भाताची जमीन खाली, पाणी थांबतं तिथे. वर उतारावर जे उरतं ते वरकस. पूर्वी तिथे नाचणी, वरी व्हायची, नाहीतर गुरांना गवत आणि भाताच्या राबासाठी पालापाचोळा मिळायचा. वर वीतभर माती, खाली जांभा. हा जांभा मोठा गमतीचा दगड. फ्रान्सिस बुकानन नावाच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या डॉक्टरने मलबारात लोक तो विटेसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली त्याला लॅटराइट हे नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेवरून. जमिनीत असतो तेव्हा मऊ, उघडा पडला की वाऱ्या-उन्हाने कडक होतो. चिरे काढणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम. ज्याला तिथे झाड लावायचंय त्याने काय करायचं, ते पुढे येतंच आहे.

आंब्याच्या कलमांची रूढ पद्धत अशी: दहा मीटरवर एक झाड, म्हणजे एकरी चाळीस. प्रत्येकाला एक मीटर लांब, रुंद, खोल खड्डा. खड्डे एप्रिल-मेमध्ये काढायचे, उन्हात तापू द्यायचे, मग वरची माती, शेणखत, पालापाचोळा घालून पावसाआधी भरायचे. वाचायला दोन ओळी. आता हिशेब करू. एक घनमीटर मुरूम-माती म्हणजे दीड टनाच्या वर. चाळीस खड्डे म्हणजे साठ टन! तेवढं आधी पहारीने फोडायचं, मग घमेल्याने वर काढायचं, आणि त्यातलं बरंचसं परत आत टाकायचं. वाडीतला कसलेला गडी दिवसाला एक खड्डा काढतो. मी आणि एक मित्र मिळून शनिवार-रविवारी एक काढायचो. म्हणजे माझ्या वेगाने चाळीस विकांत, आणि खड्डे काढायचे महिने फक्त दोन. हे गणित कुठल्याही स्प्रिंटमध्ये बसत नाही.

आपण इंजिनियर माणसं, तेव्हा आणखी एक आकडा. माणूस दिवसभर सलग अंगमेहनत करतो तेव्हा सरासरी ७५ वॅट देतो असं धरतात. आठ तासांचे झाले ०.६ युनिट. एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. इंजिनाने त्यातली पाव भागच कामी लावली तरी अडीच युनिट. म्हणजे एक लिटर डिझेल बरोबर एका माणसाचे चार दिवस!! हे एकदा कळलं की जेसीबीवाल्याला नावं ठेवण्याआधी माणूस थोडा थांबतो. पण जेसीबी वीतभर माती आणि खालचा मुरूम असा भेद करत नाही, सगळं एकत्र उलटं करून ठेवतो. पहारीला तो भेद कळतो, कारण ती मातीत घुसते आणि जांभ्यावर खणकन वाजते. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला, हे काकांनी पहिल्या खड्ड्यापासून पाळायला लावलं.

खड्डे हे सोपं काम, हे मात्र मला दुसऱ्या वर्षी समजलं. काका म्हणालेच होते, "अरे, झाड लावणं म्हणजे लग्न लावणं. संसार पुढे असतो." रत्नागिरी जिल्ह्यात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर पडतो आणि उतारावरून पळून जातो. पुढचे सात-आठ महिने कोरडे. पहिले तीन उन्हाळे रोपाला पाणी घालावंच लागतं. आमचा हिशेब: झाडाला दहा लिटर, आठवड्यातून दोनदा, चाळीस झाडं. आठवड्याला ८०० लिटर, म्हणजे ८०० किलो, खालच्या विहिरीवरून डोक्याने किंवा खांद्याने वर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर ५४ फेऱ्या! बुंध्याभोवती गवताचं जाड आच्छादन घातलं आणि बाजूला मडकं पुरून तळाशी वात सोडली, तेव्हा फेऱ्या निम्म्यावर आल्या. निम्म्या म्हणजे २७. दर आठवड्याला. मे महिन्यातसुद्धा.

आणि मग वणवा.

वरकसावरचं गवत दिवाळीपर्यंत छातीएवढं होतं. पूर्वी घरोघरी गुरं होती, गवत कापून न्यायला माणसं भांडायची. आता गुरं मोजकी, घरं बंद, मालक मुंबईला. उभं गवत फेब्रुवारीत काडीपेटीसारखं तयार असतं. आम्ही तीन बाजूंनी दहा-दहा फुटांची जाळरेषा काढली होती. चौथ्या बाजूच्या पट्ट्यात पाय ठेवायला मालकाची परवानगी हवी होती, आणि ती मिळेपर्यंत आग तिकडूनच आली. दुपारी दोनची वेळ. मी पुण्यात रिलीज कॉलवर. काकांचा फोन आला तो आग विझल्यावरच. सतरा कलमं गेली, तेवीस वाचली. ती कशी वाचली? वाडीतली सहा माणसं ओल्या डहाळ्या घेऊन धावत वर गेली आणि झोडपून झोडपून आग मागे सारली. त्यातल्या दोन बायका साठीच्या पुढच्या होत्या.

त्या रात्री मी काकांना म्हटलं, "काका, मी नोकरी सोडून येतो." ते म्हणाले, "तू असतास तर सातवा झाला असतास. पण ते सहा नसते तर तू एकटा काय करणार होतास?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. होमस्टेडिंग हा शब्द ज्या कायद्यामुळे रुजला तो अमेरिकेतला १८६२ सालचा. १६० एकर जमीन घ्या, पाच वर्षं राहा, कसा, आणि ती तुमची. (ती आधी कोणाची होती हा प्रश्न तिथल्या मूळ रहिवाशांना विचारलाच नाही.) सुमारे चाळीस लाख अर्ज झाले. मालकीचा कागद हातात पडला तो सुमारे सोळा लाखांच्या. एकटं कुटुंब आणि कोरी जमीन, या जोडीचा निकाल असा आहे. फुकुओकाचं नाव घेणाऱ्या मित्रांनाही सांगतो: वडिलांची संत्र्याची बाग त्याने नुसती सोडून दिली तेव्हा झाडं मेली, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

आपल्याकडे हे शहाणपण जुनं आहे. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात महादेव कोळी लोक उतार फोडून भातखाचरं काढतात, त्याला पडकई म्हणतात. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. देशावर इर्जिक, कोकणात सावड. नावं वेगळी, हिशेब एकच: दगड फोडायला लागणारे हात एका घरात नसतात. हाताने शेती म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माझेच दोन हात यायचे. या भाषेत हात म्हणजे मनुष्यबळ, हे माझ्या लक्षात यायला वणवा लागला.

पण सावड आज जशीच्या तशी परत येणार नाही. सावडीत मी तुझ्याकडे राबलो तर तू माझ्याकडे राबायचं असतं, आणि मी दर महिन्याला २६ दिवस पुण्यात असतो. माझ्या वाट्याचे दिवस मी फेडू शकत नाही. म्हणून आम्ही दुसरा करार केला. वाडीत एक जोडपं आहे. तो गवंडीकाम करतो, ती तीन म्हशी सांभाळते. आमच्या एकरातलं आणि वरच्या पड जमिनीतलं सगळं गवत त्यांचं, पण दिवाळीनंतर लगेच कापायचं. त्यांना चारा मिळतो, आमचं जळण उभं राहत नाही. उन्हाळ्यातल्या पाण्याचा रोज मी देतो. कडेने लावलेले काजू अर्धेलीने, कागदावर लिहून. चौथ्या बाजूच्या मालकाचीही परवानगी मिळाली, त्याचंही गवत तीच कापते. त्यानंतरचे दोन उन्हाळे आग आमच्या हद्दीपर्यंत आलेली नाही. जळालेल्या जागी पुन्हा कलमं लावली. आज चाळीसपैकी छत्तीस उभी आहेत.

चार वर्षांचं एकूण उत्पन्न: दोन पायल्या नाचणी आणि ओंजळभर काजूबिया. कलमांना मोहोर यायला लागलाय, पण झाड लहान आहे म्हणून काका तो खुडून टाकतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोटात कालवलं.

तर, नोकरी सोडणार का? नाही. माझा पगार थांबला तर पहिल्यांदा त्या जोडप्याचा रोज थांबेल, आणि मग तो एकर दोन पावसाळ्यांत परत झुडपात जाईल. काकांचे गुडघे आता चढाला कुरकुरतात, तेव्हा मला जायचं आहेच. पण आधी महिन्यातले चार दिवस आठ करायचेत, मग बारा. घरून काम करायची सोय झाली तर पावसाळा पूर्ण तिकडे. बायकोशी बोलून हे ठरलंय, फ्लॅटच्या हप्त्यांचं कोष्टक समोर ठेवून.

ज्यांना जमीन घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही (१९४८ चा कुळवहिवाट कायदा, कलम ६३), तेव्हा एजंट काय म्हणतो त्याआधी ते बघा. सातबाऱ्यावर नावं किती ते मोजा. आमच्यावर चौदा आहेत. जागा बघायला ऑगस्टमध्ये जाऊ नका, तेव्हा कोकणात सगळंच सुंदर दिसतं. मे महिन्यात दुपारी जा, पहार घेऊन एक हातभर खड्डा खणून बघा. आणि परतताना वाडीत चूल पेटलेली घरं किती दिसतात, तेही मोजून या.

असो. पुढच्या विकांताला पाच खड्डे भरायचेत, शेणखताच्या पाट्या वर पोचल्या आहेत असा काकांचा निरोप आहे.