बांधात गेलेले पत्ते

सीसीएनएच्या अभ्यासात सबनेटिंगचा धडा आला आणि त्याच महिन्यात लोणंदच्या घरी वाटणीचा विषय निघाला. मी लॅपटॉपवर पत्त्यांचे तुकडे पाडत होतो. वडील आणि तिघे चुलते रानाचे.

सॉफ्टवेअरची नोकरी सहा वर्षं केली, तरी आपला कोड एका मशीनवरून दुसऱ्यावर नेमका कसा पोचतो हे मला वरवरच माहीत होतं. म्हणून ही परीक्षा. १२० मिनिटं, कॅल्क्युलेटर नाही, आणि एकदा पुढे गेलं की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही. फी ३०० डॉलर, वर कर. वडिलांनी ती मनातल्या मनात कांद्याच्या भावात मोजली आणि गप्प बसले.

आता सबनेटिंग. स्लॅश २४ च्या नेटवर्कमध्ये २५६ पत्ते असतात. पहिला त्या नेटवर्कच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. हे दोन कुठल्या मशीनला देत नाहीत. उरले २५४. चार वाटण्या करा: प्रत्येकी ६४, त्यातले वापरता येणारे ६२. चौघांचे मिळून २४८. सहा पत्ते बांधात गेले. ६४ वाटण्या केल्या तर प्रत्येकाला चार पत्ते, कामाचे दोनच. निम्मं रान बांधाखाली.

जेवताना हे वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "आन् रानात जायची वाट कुणाच्या हिश्श्यातनं?"

बरोबर होतं. प्रत्येक तुकड्यातला आणखी एक पत्ता गेटवेला जातो. त्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. ६२ चे ६१ झाले.

जमिनीचे फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून आपल्याकडे १९४७ सालापासून तुकडेबंदीचा कायदा आहे. इंटरनेटची अडचण वेगळी होती. ३२ बिटांत जेमतेम ४२९ कोटी पत्ते बसतात, आणि त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. तरी आपले फोन चालतात, कारण नॅट. एकाच पत्त्यामागे अख्खं घर. सातबारा एक, कसणारे अनेक. आत कुणाचं काय चाललंय, ते राउटरच्या तक्त्यात.

आमच्याकडे तो तक्ता आजीच्या डोक्यात होता. कुणी कुठल्या पट्टीत कांदा लावायचा, मोटर कुणी कधी चालू करायची, कुणाच्या पोरीच्या फीला कुणी हात लावायचा. कागदावर काहीच नव्हतं. राउटर बंद पडला की नॅटचा तक्ता पुसला जातो, असं पुस्तकात एका साध्या वाक्यात दिलंय. आजी गेली आणि वर्षाच्या आत मोजणीचा अर्ज पडला.

माझी परीक्षा पुढच्या आठवड्यात पुण्यात आहे. मोजणी त्यानंतर. वडिलांनी भावांकडे एकच गोष्ट मागितली आहे: आधी वाट कागदावर काढा, मग वाटण्या.