दुर्बीण बाजूला ठेवल्यावर

शुद्ध आली तेव्हा उजवा खांदा ठणकत होता. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा, पण त्याचं मला नवल वाटलं नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आत नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याने श्वासपटलाला त्रास होतो आणि कळ खांद्यात उमटते, हे सर्जननी आधीच सांगितलं होतं. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं, असं वाटून मी पोटाकडे हात नेला. उजव्या बरगड्यांखाली जवळजवळ वीतभर तिरकी पट्टी लागली. शेजारी ड्रेनची नळी.

"ओपन करावं लागलं," हे हळूच म्हणाले. "मध्येच डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले. नंतर ट्रेमध्ये पित्ताशय आणि खडेही दाखवले."

माझ्या आईचं पित्ताशय १९८६ साली मिरजेत काढलं होतं. मी तेव्हा शाळेत होते. त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत एरिख म्यूहं या सर्जननी दुर्बिणीतून पहिलं पित्ताशय काढलं होतं, पण त्यांच्याच देशातल्या सर्जन मंडळींना ते पटलं नव्हतं. आपल्याकडे ही पद्धत यायला १९९० उजाडलं; मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी ती सुरू केली. त्यामुळे आईपुढे पोट उघडण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. बर्लिनमध्ये १८८२ साली कार्ल लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढलं, तेव्हापासून शंभर वर्षं तो एकच मार्ग होता. आईच्या पोटावरचा लांब व्रण बघत मी मोठी झाले. माझ्या जावेला मात्र चार छोटी भोकं पडली, दुसऱ्या दिवशी ती घरी आली आणि आठवड्याभरात स्वयंपाकाला लागली. माझंही तसंच होणार, असं घरात सगळे धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन आले. केसपेपर उलटा करून त्यांनी चित्र काढलं. यकृताखाली पिशवीसारखं पित्ताशय, त्यातून निघणारी बारीक नळी, आणि ती जिला मिळते ती मुख्य पित्तनलिका. "पित्ताशय काढताना आम्ही दोनच गोष्टी कापतो," ते म्हणाले. "ही बारीक नळी आणि पित्ताशयाची रक्तवाहिनी. पण कापण्याआधी त्या दोन्ही स्वच्छ मोकळ्या करून डोळ्यांनी बघायच्या. त्यांच्या आजूबाजूच्या जागेला कॅलोचा त्रिकोण म्हणतात. तुमच्यात तो त्रिकोणच दिसत नव्हता."

माझ्या पित्ताशयाला आधी अनेकदा सूज येऊन गेली असणार. सोनोग्राफीत त्याची भिंत जाड दिसली होती. आत पाहिलं तर चरबीचा पडदा आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग त्याला घट्ट चिकटलेले होते आणि नळ्यांच्या जागी नुसता कडक गोळा. अशा वेळी मुख्य पित्तनलिकाच बारीक नळी म्हणून कापली जाऊ शकते. मग पित्त पोटात गळतं, कावीळ होते, आतड्याचा तुकडा वर नेऊन यकृताच्या नळीला जोडण्याचं मोठं ऑपरेशन करावं लागतं, आणि पुढे अनेक वर्षं ती जोड अरुंद होण्याची धास्ती राहते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत अशी इजा हजारात तीन-चार जणांना होते. आकडा लहान आहे, पण त्या तिघा-चौघांचं पुढचं आयुष्यच बदलून जातं. सर्जननी काही वेळ प्रयत्न केला, मग दुर्बीण बाजूला ठेवली आणि पोट उघडलं. बोटांना कुठे मऊ, कुठे घट्ट ते कळतं, असं ते म्हणाले. पित्ताशय त्यांनी वरच्या टोकाकडून सोडवत सोडवत नळीपर्यंत आणलं.

हे ऐकताना मला त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला कृतज्ञता म्हणतात, आणि ती आजही तेवढीच आहे.

पुढचे दिवस मात्र कठीण गेले, ते लपवण्यात अर्थ नाही. भोकांचं दुखणं आणि स्नायू कापल्याचं दुखणं यांत फार अंतर आहे. छेद बरगडीखाली असल्यामुळे श्वास खोल घेववत नाही, आणि उथळ श्वासाने छातीत कफ साठून न्यूमोनिया होण्याची भीती असते. म्हणून तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं यंत्र हातात दिलं होतं. श्वास ओढून चेंडू वर न्यायचे. पहिल्या दिवशी एक चेंडूही धड उचलला नाही. तेव्हा कामी आली ती आई. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण माझ्या उशाशी बसून तिला सगळं आठवत होतं. "खोकायच्या आधी उशी पोटाशी दाबून धर. उठताना सरळ उठू नकोस, कुशीवर वळ, पाय खाली सोड, मग हाताने रेटा दे." फिजिओथेरपीच्या मुलीने नंतर येऊन नेमकं हेच शिकवलं. आईकडे बघून ती म्हणाली, "आजी, तुम्ही माझं काम सोपं केलंत."

घरी आल्यावर पाण्याची कळशी, कुकर, काही उचलायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. जखमेच्या जागी हर्निया होऊ नये म्हणून दीड-दोन महिने ती पाळावी लागते. खाण्याचा प्रश्न मला वाटला होता त्याहून सोपा निघाला. पित्त तयार करतं यकृत, पित्ताशय फक्त ते साठवतं. पित्ताशय गेलं की पित्त थेट आतड्यात उतरत राहतं. सुरुवातीला तळलेलं खाल्लं की पोट बिघडायचं, पुढे तेही सुरळीत झालं.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो भेटायला येणाऱ्यांच्या एका प्रश्नाने. "म्हणजे दुर्बिणीचं फेल गेलं का?" कुणी म्हणे, पुण्याला जायला हवं होतं, कुणी म्हणे, डॉक्टरांचा हात बसलेला नसेल. यातली प्रत्येक गोष्ट मला बोचली. शंभरातल्या पाच-एक जणांत पोट उघडावं लागतं, जुनी सूज असेल तर त्याहून जास्त जणांत. संमतीपत्रावर ते लिहिलेलं असतं आणि आमच्या सर्जननी सही घेण्याआधी ते वाचूनही दाखवलं होतं. रुग्णाच्या घरचे काय म्हणतील या दडपणाखाली एखाद्या सर्जनने न दिसणाऱ्या जागी कात्री चालवली, तर ती किंमत टेबलावरच्या माणसाने मोजायची. म्हणून मी त्या प्रत्येकाला बसवून, केसपेपरवरचं ते चित्र दाखवून समजावलं. काहींना पटलं.

यंदा माझ्या मामेभावाला खडे निघाले. त्याचा फोन आला, "ताई, दुर्बिणीनेच करून देण्याची खात्री देणारा कुणी सांग." मी म्हटलं, अशी खात्री देणाऱ्याकडे जाऊ नकोस. आत काही दिसेनासं झालं तर तुम्ही काय करता, पोट उघडून ऑपरेशन करण्याचा सराव आहे का, हे विचार, आणि ज्यांनी शांतपणे उत्तर दिलं त्यांच्याकडे कर. त्याने दोन ठिकाणी विचारलं. ज्यांच्याकडे ऑपरेशन केलं त्यांना पोट उघडावं लागलं नाही. नळ्या स्वच्छ दिसल्या, चार भोकांत काम झालं आणि दुसऱ्या दिवशी तो चालत गाडीत बसला. मला फार आनंद झाला.