बंगळुरूत केलेली बीअरची जेली

२०२०च्या मे महिन्यात कर्नाटक सरकारने मायक्रोब्रुअरींना, म्हणजे जागेवरच बीअर बनवून विकणाऱ्या पबना, बीअर घरी नेण्यासाठी विकायची परवानगी दिली. टाळेबंदीमुळे त्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या होत्या आणि ताजी बीअर कारखान्यातल्या बाटलीसारखी महिनोन् महिने टिकत नाही. आम्ही इंदिरानगरात राहतो. तिथे २०१०पासून टॉइट ही ब्रुअरी आहे आणि आसपास आणखीही बऱ्याच ब्रुअरी झाल्या. नवऱ्याने एकीकडून गव्हाच्या बीअरची मोठी बाटली भरून आणली. दोघांत ती संपली नाही. दुसऱ्या दिवशी फेस गेला होता, पण वास शाबूत होता: पिकलेल्या केळ्याचा, मागे थोडी लवंग. बीअरमध्ये ना केळं असतं ना लवंग. ही सगळी यीस्टची करणी. असा सुगंध मोरीत ओतायला हात धजेना.

आई दर हिवाळ्यात पेरूची जेली करायची, त्यामुळे जेली कशाने धरते हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पेक्टिन, आंबटपणा आणि साखर, तिन्ही हवीत. बीअरमध्ये पेक्टिन नाही, कारण फळच नाही. आंबटपणा आहे, पण बेताचा: बीअरचा पीएच चारच्या थोडा वर असतो आणि जेलीला साधारण तीन लागतो. म्हणजे बीअर एकटी कितीही आटवली तरी पाकच होणार. बाजारात पेक्टिनची पूड मिळते, चायना ग्रासही मिळतं. पण चायना ग्रासने धरलेली जेली कापता येते, पोळीवर पसरत नाही. मला पसरणारी हवी होती. मी पेरू घेतले.

पेरू अर्धेकच्चे हवेत, कारण फळ पिकत जातं तसं त्यातलं पेक्टिन कमी होतं. अर्धा किलो पेरूंच्या पातळ फोडी बुडतील एवढ्या पाण्यात मंद आचेवर अर्धा तास शिजवल्या आणि मलमलीच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवल्या. पिळायचं नाही, पिळलं की जेली गढूळ होते. सकाळी जो रस खाली जमला त्याच्या दोन वाट्यांना एक वाटी बीअर, सव्वादोन वाट्या साखर आणि दोन लिंबांचा रस, हे प्रमाण मला जमलं. बीअर आदल्या रात्री उघड्या पातेल्यात ठेवून तिच्यातला वायू पूर्ण जाऊ द्यावा. तरीही उकळताना ती भसकन वर येते, कारण धान्यातली प्रथिनं फेस धरून ठेवतात. म्हणून पातेलं चौपट मोठं घ्यावं आणि शेगडीपासून हलू नये.

आता बंगळुरूची गोष्ट. पाककृतीच्या पुस्तकांत जेली १०४ ते १०५ अंशांवर उतरवायला सांगतात. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे आणि इथे पाणीच ९७ अंशांच्या आसपास उकळतं. पाणी उकळतं त्याच्या वर चार-पाच अंश, हा खरा हिशेब. म्हणजे इथे जेली १०१-१०२ला तयार होते. १०५ची वाट पाहिली तर पाणी जास्त उडतं आणि हाती चिकट गोळा येतो. मुंबईहून इथे आलेल्या प्रत्येकीला मी हे सांगते. तापमापक नसेल तर फ्रीजमध्ये गार केलेल्या ताटलीवर थेंब टाकावा. बोटाने ढकलल्यावर त्याला सुरकुती पडली की गॅस बंद. ही कसोटी कुठल्याही उंचीवर चालते.

या शहरात बीअर आणि जॅम यांचं नातं जुनं आहे, हे मला नंतर समजलं. १९१५ साली थॉमस लीशमन या स्कॉटिश गृहस्थाने दक्षिणेतल्या ब्रुअरी एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज उभी केली. १९४७मध्ये विठ्ठल मल्ल्या तिचे पहिले भारतीय संचालक झाले, पुढे कंपनीच त्यांच्या हाती आली, आणि १९५०मध्ये याच समूहाने किसान घेतलं. पुढची चाळीसहून अधिक वर्षं, १९९३मध्ये ब्रुक बाँडकडे जाईपर्यंत, माझ्या डब्यातल्या पोळीवरचा किसान जॅम आणि युनायटेड ब्रुअरीजची बीअर एकाच मालकीची होती. हे वाचल्यावर मला फार आनंद झाला. माझ्या पातेल्यात ज्या दोन गोष्टी एकत्र आल्या, त्या या शहराच्या हिशेबवह्यांत आधीच शेजारी होत्या.

कोणती बीअर घ्यावी, याबद्दल माझं मत पक्कं आहे. आयपीए, म्हणजे हॉप्स नावाची कडू फुलं भरपूर घातलेली बीअर, अजिबात नको. हॉप्सचा कडूपणा वाफेबरोबर जात नाही. पाणी उडतं, कडूपणा तेवढाच राहतो आणि जेली काढ्यासारखी लागते. साधी लागर चालते, पण पेरूपुढे तिचा आवाज उठत नाही. गव्हाची बीअर उत्तम. स्टाउटची जेली काळीभोर, भाजलेल्या कॉफीच्या चवीची होते. तिला लिंबू जरा जास्त लागतं. ती मला सगळ्यांत आवडते.

खायची कशाबरोबर? चीजबरोबर सगळेच खातात. आमच्याकडे ती अय्यंगार बेकरीतल्या खारा बिस्किटावर जाते. त्या बिस्किटातली हिरवी मिरची, कढीपत्ता आणि मीठ, वर ही गोड-कडवट जेली: शेजारच्या कन्नड अज्जींनी संक्रांतीला या जेलीच्या बदल्यात एळ्ळु-बेल्लाचा, म्हणजे तीळगुळाचा, डबा पाठवला. त्यांना मी आधी सांगितलं होतं यात काय आहे. त्या हसल्या आणि म्हणाल्या, पेरू तर आहे ना.

तुम्ही केलीत तर एवढं लक्षात असू द्या. उकळण्याने अल्कोहोल बरंचसं उडतं, सगळं नाही. बरणीवर ‘बीअरची जेली’ असं ठळक लिहा, मुलांच्या डब्यात ती घालू नका, आणि ज्यांना मद्य चालत नाही त्यांना विचारल्याशिवाय वाढू नका.