दोष पिवळ्या पिनेचा!

जुना प्लेस्टेशन टू नव्या फ्लॅट टीव्हीला जोडलात आणि चित्र धुरकट? मशीनला शिव्या देऊ नका बॉस, दोष त्या पिवळ्या पिनेचा! उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबलेले. मग कडा फिसकटतात, रंग पसरतात. आमचा दादा तर ‘भंगारात दे’ म्हणून मोकळा झाला. पण दोघांच्या दिवाळीच्या पैशांतून आलेलं मशीन ते, देणार कसं? कंपोनंट केबल आणली. चित्रासाठी हिरवी, निळी, लाल अशा तीन वेगळ्या तारा. फक्त पिवळी पिन काढण्याआधी सेटिंगमध्ये ‘वाय पीबी पीआर’ निवडा, नाहीतर रंग भलतेच. कोपऱ्यातला स्कोअर आता चक्क वाचता येतो! तरी २००० साली आलेलं हे मशीन जाड्या ट्यूबच्या टीव्हीवरच खरं खुलतं. तसा कुणी टाकून देत असेल, तर आधी मला फोन.