आबांचं रिव्हॉल्वर आणि आकड्यांची तिजोरी

आम्ही मूळचे अमळनेरचे. आबांनी सुरतेत रिंग रोडच्या मार्केटात कापडाचा धंदा उभा केला. रोकड घेऊन रात्री उधन्याला परतावं लागायचं, म्हणून परवाना काढून रिव्हॉल्वर घेतलं. वर्षभर ते कपाटात साड्यांखाली, खंडेनवमीला पाटावर, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा!

आता माझा मुलगा सात वर्षांचा झालाय. घरातला प्रत्येक मोबाईल त्याला उघडता येतो. आईच म्हणाली, "अहो, पोरगं हातभर उंच झालंय. ते साड्यांखाली नको आता."

आबांना जुन्या पद्धतीची जड तिजोरी हवी होती. मी आकडे दाबून उघडणारी लहान तिजोरी पसंत केली, पण मागे बोल्टची भोकं असलेलीच. नुसती ठेवली तर चोर तिजोरीच काखोटीला मारून नेईल. २००६ चा पूर पाहिलेल्या आईनं ती वरच्या मजल्यावर, भिंतीत पक्की बसवून घेतली.

सेल संपले तर लागणारी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली. काडतुसं वेगळ्या कुलपात. आकडा ठरवताना सगळ्यांचे वाढदिवस बाद, कारण पोराला ते पाठ आहेत. परवाना आबांच्या नावावर, म्हणून आकडा फक्त आबांना ठाऊक. मलासुद्धा नाही!

चोर कधी येईल न येईल, लेकरं तर रोज घरातच असतात. ज्यांच्याकडे परवान्याचं हत्यार आहे, त्यांनी आज एकदा कपाट उघडून बघा.