लिंबू शेवटी पिळायचं

ताप उतरला की आजारपण संपलं, असं आपण समजतो. पण आपली खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते आणि तीही स्वयंपाकघरात!

आम्ही पिंपरीच्या संत तुकाराम नगरात राहतो. यशवंतराव चव्हाण रुग्णालय हाकेच्या अंतरावर. १९५५ साली जिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं, तो हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखानाही पिंपरीतलाच. तेव्हा औषधपाण्याला तोटा नाही. पण गेल्या पावसाळ्यात माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचा ताप उतरला आणि तिने अन्नाशी जणू कट्टीच घेतली. पेज नको, मऊ भात नको. डॉक्टर म्हणाले, "आता प्रथिनं पोटात जायला हवीत." लेक म्हणाली, "शेजारच्या मावशी करतात ते लिंबाचं चिकन सूप दे ना, मॅकरोनी घातलेलं!"

अडचण अशी, की माझ्या सासूबाई माळकरी. तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम आटोपून पुण्याकडे निघाली, की भर पावसात रस्त्याकडेला दर्शनाला उभ्या राहणाऱ्या. आमच्या घरात सामिष शिजत नाही.

मग मी काय करावं? शाळेतून आल्यावर शेजारणीच्या गॅसवर सूप केलं, डब्यातून आणलं आणि सासूबाईंना सांगितलं, "भाज्यांचं आहे."

कृती सोपी आहे. अर्धा किलो हाडांसकट चिकन सव्वा लिटर गार पाण्यात ठेवावं. उकळी येताना वर येणारा फेस काढून टाकावा. मग एक कांदा, एक गाजर, आल्याचा तुकडा, आठ-दहा मिरे आणि मीठ घालून मंद आचेवर पाऊण तास शिजू द्यावं. नंतर गाळून, मांस सोडवून, बारीक करून पुन्हा रसात घालावं. वाटीभर बारीक मॅकरोनी वेगळी उकडावी आणि वाढतानाच मिसळावी. नाहीतर ती सगळा रस पिऊन फुगते. मॅकरोनी नसली तर शेवया चालतात. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावरच पिळायचं. उकळत्या सुपात त्याचा ताजा वास उडतो आणि 'क' जीवनसत्त्वही कमी होतं.

ग्रीसमध्ये तर अंडं आणि लिंबाचा रस एकत्र फेटून कोंबडीच्या सुपात मिसळतात. १९७८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना असंही आढळलं, की गार पाण्यापेक्षा गरम चिकन सुपाने नाकातला चिकटा लवकर वाहता होतो. म्हणून ते काही औषध नव्हे. पण आजाऱ्याला घोटभर बरं वाटतं, हे खरं.

लेकीने पहिल्याच दिवशी वाटी चाटूनपुसून संपवली. तिसऱ्या दिवशी सासूबाई शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "वास छान येतोय गं. मलाही दे वाटीभर."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. क्षणभर वाटलं, सूप संपलं म्हणावं. पण उद्या पुन्हा मागितलं तर? मान खाली घालून म्हटलं, "आई, ते भाज्यांचं नाही."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पोरीला द्यायला मी नको म्हटलं असतं, असं तुला वाटलंच कसं? आणि तुझं खरं मानून मी घोट घेतला असता म्हणजे?"

पहिल्या प्रश्नाला माझ्याजवळ सबबी होत्या. दुसऱ्याला एकही नव्हती. त्यांची तीस वर्षांची माळ आणि माझं एक सोयीचं खोटं!

दोन दिवस त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी बाजारातून नवं पातेलं आणि डाव घेऊन आल्या. "ह्यात कर. मागच्या गॅलरीत शेगडी ठेव. माझ्या भांड्यांना लावू नकोस."

आता पावसाळ्यात कुणाला कणकण आली, की आमच्याकडे दोन सुपं होतात. गॅलरीत चिकनचं आणि ओट्यावर सासूबाईंसाठी मुगाच्या डाळीचं. मिरे-आलं तेच, मॅकरोनीही तीच. लिंबू मात्र मी एकच चिरते. आधी त्यांच्या वाटीत पिळते, मग लेकीच्या.

तुमच्याही घरी असं एखादं माळेचं, उपासाचं, सोवळ्याचं माणूस असेल. त्यांना विचारायला धीर होत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी विचारून पाहा. फार तर 'नाही' म्हणतील. पण त्यांच्या पानात काय पडतंय, हे त्यांना ठाऊक असेल.